चिंचोक्यांनी बोलणारा युवराज

एका राज्यात राजवाड्याच्या पोटात एक कोठडी होती, आणि तिच्यात कोण आहे हे खुद्द राजाच विसरून गेला होता.

राजाचे नाव वज्रसेन. शूर होता, न्यायी म्हणवला जात होता. राणीचे नाव कुमुदावती, आणि एकुलत्या एका मुलाचे नाव मणिधर. मणिधर वीस वर्षांचा, चपळ, हसरा. घोड्यावर बसून निघाला की लोक हातातली कामे टाकून दारात येत.

कोठडीत होता सोमिल नावाचा मायावी. अकरा वर्षांपूर्वी राजाने त्याला बोलावून सांगितले होते, "नागडोंगराखाली शापित ठेवा आहे. तो मला काढून दे."

सोमिल म्हणाला, "महाराज, त्या ठेव्यातल्या भलत्या खड्याला हात लागला की माणसाचा दगड होतो. मी काढणार नाही. दुसऱ्याला काढू देणार नाही."

नकार भरल्या दरबारात मिळाला. राजाने त्याला चार हात लांब, चार हात रुंद कोठडीत घातले आणि दार चिणून टाकले. भाकरी-पाणी सरकवण्यापुरते एक भोक ठेवले. मग शिकारी आल्या, स्वाऱ्या आल्या, सणवार आले, आणि राजा विसरला.

कोठडीत एक उंदीर येत असे. सोमिलने पहिल्या दिवशी त्याला भाकरीचा तुकडा नुसता दिला. दुसऱ्या दिवशी गवतात लपवून दिला. तिसऱ्या दिवशी तीन गाठींच्या चिंधीत बांधून दिला. उंदीर शोधी, सोडवी, खाई, आणि आता पुढे काय म्हणून मिशा हलवीत बसे. असे दोघांचे दिवस जात होते. एकदा पहारेकऱ्याला भोकातून हसण्याचा आवाज ऐकू आला. त्याने वर कळवले, "कैदी उंदराशी बोलतो आणि हसतो."

राजा जेवत होता. कोणता कैदी हेही त्याने विचारले नाही. म्हणाला, "उंदीर मारा."

उंदीर मारला. त्यानंतर कोठडीतून हसणे ऐकू आले नाही. हळूहळू बोलणेही थांबले.

सोमिलला आई होती. तिचे नाव जिवाई. मंत्रतंत्रात ती मुलाहून चार पावले पुढे होती, पण राजाची मोहर असलेल्या भिंतीपुढे मंत्र चालत नाही. अकरा वर्षे ती गावोगाव मुलाला शोधत फिरली. पहारेकऱ्याने मेलेला उंदीर खंदकात टाकला होता. त्याच्या गळ्यात चिंधीचा बारीक गोफ होता. तो गोफ खंदकातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत वाहत आला आणि एके सकाळी कपडे धुताना जिवाईच्या बोटांना अडकला. वीण तिने ओळखली. तिनेच ती शिकवली होती.

त्याच दिवशी ती ओढ्याच्या काठाने राजवाड्याच्या खंदकापर्यंत चालत आली आणि भर दुपारी दरबारात उभी राहिली.

"राजा, माझा मुलगा दे."

"कोण तुझा मुलगा?" राजाने विचारले. त्याला खरेच आठवत नव्हते. प्रधानाने कानात सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. भिंत फोडली. सोमिलला धरून बाहेर आणले. दाढी गुडघ्यांपर्यंत वाढलेली, डोळे उघडे, पण डोळ्यांत कुणी नव्हते.

"सोम्या, मी आले," जिवाई म्हणाली. त्याने समोरच्या खांबाकडे पाहिले. तिने तीनदा हाक मारली. तीनही वेळा तो खांबाकडेच पाहत राहिला.

जिवाईने डोळे पुसले आणि राजाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"तू त्याला मारले असतेस, तर मी रडून घरी गेले असते. पण तू त्याचे मन उपाशी मारलेस. आता आपल्या मुलाचे मन जगवून दाखव. तुझा मुलगा उंदीर होईल. रोज सूर्य मावळायच्या आत तुझ्या हातून त्याच्या मनाला काही नवे मिळाले पाहिजे. जो दिवस रिकामा जाईल, त्या दिवशी तो माणूसपण विसरेल. मग तो नुसता उंदीर."

राणी पुढे झाली. "माई, आणि सुटका?"

"माझा मुलगा मला आई म्हणून हाक मारील तेव्हा."

मणिधर सिंहासनाशेजारी उभा होता. त्याचा शेला रिकामा होऊन खाली पडला, आणि शेल्यातून राखाडी रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक उंदीर बाहेर आला.

राजाने त्या दिवशीच सोन्याचा पिंजरा घडवून घेतला. दुसऱ्या दिवशी चांदीची वाटी दिली, तिसऱ्या दिवशी मोत्यांचा झोपाळा, चौथ्या दिवशी रेशमाची गादी. रोज नवी वस्तू, रोज सूर्य मावळायच्या आत, आपल्या हाताने. आपण शापाला पुरून उरू, असे त्याला वाटले. पण आठव्या दिवशी उंदीर कोपऱ्यात पडून राहू लागला. दहाव्या दिवशी तो आपल्याच पोटावरचे केस उपटताना दिसला. बाराव्या दिवशी राणीने "मणी" म्हणून हाक मारली, तर त्याचा कानसुद्धा हलला नाही.

राणी पिंजऱ्याशी खाली बसली ती उठेना.

त्या राज्यात पाखरे बोलत, पण विचारल्यावाचून बोलत नसत. खिडकीत एक भारद्वाज बसला होता, लाल डोळ्यांचा, तांबूस पंखांचा. राजाने त्याला हात जोडले. "पाखरा, माझे काय चुकते?"

भारद्वाज म्हणाला, "राजा, उंदराचे दात रोज वाढतात. कुरतडायला काही मिळाले नाही, तर ते वळून त्याच्याच जबड्यात रुततात. मनाचेही तसेच आहे. तू त्याला बघायला देतोस. करायला काही देत नाहीस."

"करायला काय देऊ? मला येत नाही."

"ज्याला येत होते, त्याच्या कोठडीत जा."

राजा एकटा खाली गेला. दार लहान होते, त्याला गुडघ्यांवर रांगत आत शिरावे लागले. फोडलेल्या भिंतीतून ऊन आत पडले होते. त्या उजेडात त्याने पाहिले, जमिनीपासून हात पोहोचेल तिथपर्यंत भिंतीवर नखांनी वाटा कोरल्या होत्या. वळणाऱ्या, फसवणाऱ्या, एकमेकींत घुसून पुन्हा सुटणाऱ्या. शेकडो वाटा, आणि एकीसारखी दुसरी नाही. कोपऱ्यात गवताची वीतभर शिडी होती. खापऱ्या जुळवून केलेले बोगदे होते. एका चिंधीला सतरा गाठी होत्या, सतरा तऱ्हांच्या. खराट्याच्या काड्यांचे एक चाक होते, बोटाने ढकलले तर अजून फिरत होते. भिंतीवरची शेवटची वाट अर्धी होती. तिच्या पुढे भिंत कोरी होती, पार दारापर्यंत.

राजा त्या कोऱ्या भिंतीपुढे बराच वेळ बसला. वर आला तेव्हा त्याच्या मुकुटाला जाळी लागली होती.

राणीला म्हणाला, "तिथे एक माणूस होता."

"हो, महाराज," राणी म्हणाली. "अकरा वर्षे."

त्या दिवसापासून राजाने पिंजऱ्याचे दार काढून टाकले आणि स्वतः जमिनीवर बसू लागला. भाजलेले हरभरे चिंध्यांत बांधून दडवले. पाट उभे करून गल्ल्या रचल्या, आणि आजची गल्ली उद्या मोडून नवी रचली. वेळूच्या नळ्या जोडल्या. सुतळीचा दोर छतापासून सोडून टोकाशी खोबऱ्याचा तुकडा टांगला. सात वाट्यांखाली सात शिवारांची माती ठेवली आणि नदीकाठची माती ओळखायला सांगितले. उंदराने सातही वाट्या हुंगल्या आणि बरोबर वाटी उलटी केली. त्या दिवशी राणी कित्येक दिवसांनी जेवली.

बोलण्यासाठी राजाने फोडलेला चिंचोका दिला. एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे होय, काळी म्हणजे नाही.

"मणी, तू मला ओळखतोस?"

उंदराने नाकाने चिंचोका उलटला. पांढरी बाजू वर आली.

"तुला दुखते का?"

पांढरी.

"माझ्यावर रागावला आहेस?"

उंदीर चिंचोक्याजवळ बसून राहिला. काळीही नाही, पांढरीही नाही. राजाने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

एकदा राजाला ताप भरला. हात उचलवेना, डोळे उघडवेनात, आणि ऊन तर भिंतीवरून वर सरकत चाललेले. राणीने उंदराला त्याच्या छातीवर आणून ठेवले. राजाने त्याला एक कोडे घातले, "दार ठोठावत नाही, खिडकीतून जाते, ओले होत नाही, नदीवर झोपते. काय ते?" उंदीर छातीवरून उतरला, भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसला. राजा तापातही हसला. इतकी वर्षे ज्या मुलाला त्याने घोडे आणि तलवारी दिल्या, त्याला कोडी आवडतात हे त्याला त्या दिवशी कळले.

असे वर्ष सरत आले. एका सकाळी भारद्वाज पुन्हा खिडकीत आला. या वेळी तो विचारायची वाट पाहत बसला, आणि राजाने विचारले, "पाखरा, का आलास?"

"उंदराचे आयुष्य किती, हे तू विचारावेस म्हणून."

राजाच्या हातातली सुतळी खाली पडली. "किती?"

"तीन वर्षे. एक गेले. तू मुलाचे मन जगवलेस. आता सोमिलचे मन परत आण. रिकाम्या मनातून तीन गोष्टी उडून जातात. वाचा, ओळख आणि ओढ. सोमिलची वाचा सातशे वाटांच्या वारुळात आहे. ओळख नागडोंगराच्या ठेव्यात पडली आहे. ओढ कोरड्या तळ्यातल्या यक्षिणीच्या दोऱ्यात बांधली आहे. तिन्ही त्याच्या हातात ठेव. मग तो आईला हाक मारील."

राजाने मुकुट राणीपुढे ठेवला. "राज्य तू सांभाळ."

"सांभाळीन," राणी म्हणाली. "महाराज, त्याला घेऊन या. कसाही असो."

राजाने उंदराला पागोट्याच्या घडीत बसवले आणि पायी निघाला.

पहिले वारूळ. डोंगराएवढे उंच होते, आणि बाहेरून आत जायला एकच भोक, उंदराएवढे. राजाने खडूने दगडावर एक वाट काढली, मग दुसरी, मग तिसरी, कोठडीच्या भिंतीवर पाहिलेल्या साऱ्या. उंदराने त्या पाहिल्या आणि आत गेला. एक दिवस गेला. राजा भोकापाशी तोंड नेऊन आतल्या वाटांची कोडी घालत राहिला, आवाज पोहोचतो की नाही हे न कळता. दुसऱ्या दिवशी दुपारी उंदीर बाहेर आला. अंगभर तांबडी माती, आणि दातांत कवडीएवढा शंख. शंख कानाला लावला तर आत एक माणूस कुजबुजत होता.

दुसरा नागडोंगर. गुहेत माणकांची रास होती, हजार माणके, सगळी सारखी. भोवती दगड झालेली माणसे हात पुढे करून उभी होती. एकाच्या बोटात राजघराण्याची मुद्रिका होती. ते राजाचे आजोबा होते. शिकारीला गेले ते परत आले नाहीत, एवढेच घरात सांगितले जात असे.

"मणी, इथे चुकलास तर मी काही करू शकणार नाही," राजा म्हणाला.

उंदीर शेपटी उचलून राशीवर चढला, पण चढला तो खड्यांवरून नाही, खड्यांमधल्या मातीवरून. एकेक माणिक त्याने दुरूनच हुंगले. हजारांतल्या एकाला शिळ्या भाकरीचा आणि जुन्या गवताचा वास होता. ते त्याने दातांत उचलले आणि आल्या वाटेने परत आला. राजाने बाकीच्या राशीकडे पाहिलेही नाही. बाहेर उन्हात त्याने उंदराला हातावर घेतले, तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या दिसल्या.

तिसरे कोरडे तळे. ते सापडेपर्यंत आणखी एक वर्ष सरले होते. मधोमध यक्षीण बसली होती, मांडीवर दोऱ्याची गुंडी. ती म्हणाली, "या दोऱ्यात शंभर गाठी आहेत. दिवसाला एकच सुटते. कापशील तर ओढ मरेल. कुरतडशील तरी मरेल. सोडवशील तर ने. पण माणसाच्या बोटांना या गाठी लागत नाहीत."

राजाने उंदराकडे पाहिले. उंदीर आधीच पागोट्यातून उतरत होता.

एक दिवस, एक गाठ. प्रत्येक गाठ नवी, म्हणून रोजचे नवे आपोआप मिळत होते, पण राजाने ते तेवढ्यावर सोडले नाही. गाठ सुटली की तो मुलाला काही तरी सांगे. आपण लहानपणी विहिरीत पडलो होतो ते. राणीला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा काय बोलावे हे न सुचून तिला हत्तींची संख्या सांगितली ते. कुणालाच न सांगितलेले पुष्कळ. उंदीर ऐकत झोपी जाई.

चाळिसाव्या गाठीला उंदराचे मागचे पाय ओढू लागले. राजाने पोटाखाली तळवा धरला आणि त्याला दोऱ्याजवळ उभे केले. साठाव्या गाठीला त्याला खाणे चावेना. राजाने भाकरी चावून मऊ करून भरवली. सत्तराव्या गाठीला त्याच्या डोळ्यांवर निळसर सायी आल्या, आणि तो मिशांनी गाठी चाचपू लागला.

त्या दिवशी राजा म्हणाला, "मणी, पुरे. घरी जाऊ. उरलेले दिवस आईजवळ काढू. उंदीर राहिलास, तरी माझाच आहेस." आणि त्याने चिंचोका पांढरी बाजू वर करून त्याच्यापुढे ठेवला.

उंदराने तो काळा केला.

राजाने पुन्हा पांढरा केला. उंदराने पुन्हा काळा केला.

"तुझे दिवस किती उरले, हे तुला ठाऊक आहे?"

पांढरा.

"तरी?"

उंदराने चिंचोका हलवला नाही. तो वळला आणि दोऱ्याकडे सरकू लागला, पुढच्या दोन पायांवर. राजाने तळवा पुढे केला.

शंभरावी गाठ सोडवायला सकाळपासून दुपार झाली. दोरा सरळ झाला आणि राजाच्या हातात काही तरी उबदार आले, दिसत नव्हते, पण थरथरत होते. यक्षीण म्हणाली, "हजार वर्षांत इथे आलेल्या प्रत्येकाने धीर सोडून दोरा तोडला." मग ती उठली, आणि तळ्यात पाणी येऊ लागले. राजा मुलाला छातीशी धरून काठाकडे धावला.

राज्यात परत पोहोचायला बरेच दिवस लागले. वाटेत उंदीर बहुतेक वेळ झोपलेलाच असे. राजा रोज त्याच्या नाकाशी काही तरी धरी, नवे पान, नवा दगड, अनोळखी गावातल्या पिठाची चिमूट. मिशी हलली की तो दिवस निभावला असे मानी.

वाड्याच्या बागेत एक उघडी ओसरी होती. राणीने सोमिलला तिथे ठेवले होते. जिवाई त्याच्यासाठी रोज भाजी निवडून, दोन घास शिजवून आणी आणि भरवी. तो गिळी आणि खांबाकडे पाही. राजा आला तेव्हा ती पाणी आणायला विहिरीवर गेली होती.

राजाने शंख सोमिलच्या हातात ठेवला. सोमिलचे ओठ हलले आणि आवाज फुटला, पण शब्द नव्हते.

राजाने माणिक ठेवले. सोमिलने मान वळवली, राजाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ओळखले. तो भिंतीला पाठ लावून आक्रसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. त्याच्या तोंडून पहिला शब्द आला, "नको."

राजा जिथे होता तिथेच गुडघ्यांवर बसला. "मी तुला कोंडले. मी तुझा उंदीर मारवला. आणि मी विसरलो," तो म्हणाला. "मला क्षमा कर असे म्हणायला मी आलो नाही. तुझे आहे ते द्यायला आलो."

मग सोमिलने एक हात खाली घेतला. राजाने त्यावर ती ऊब ठेवली, आणि पागोट्यातून उंदराला काढून जमिनीवर सोडले.

सोमिलने उंदराकडे पाहिले. त्याचे मागचे पाय पाहिले, डोळे पाहिले. चटईतली एक काडी उपसली, तिची कमान करून त्याच्यापुढे धरली. काही कठीण नव्हते, म्हाताऱ्या उंदराला जमेल एवढेच. उंदीर मिशांनी कमान चाचपून तिच्यातून गेला आणि सोमिलच्या तळहातावर येऊन बसला.

"हा थकला आहे," सोमिल म्हणाला.

"हो," राजा म्हणाला.

"याचे अंग थंड आहे. आई कुठे आहे?" आणि तो वळून बागेकडे पाहत मोठ्याने म्हणाला, "आई!"

विहिरीवर घागर फुटल्याचा आवाज झाला. जिवाई धावत आली. सोमिलने पुन्हा "आई" म्हटले, आणि तिने त्याला कवटाळले. शाप तिथे तुटला.

ओसरीवर मणिधर पडला होता. राजाने आपला शेला त्याच्यावर घातला आणि मग त्याचा चेहरा पाहिला. केस पांढरे शुभ्र. कातडी सुरकुतलेली. डोळ्यांवर निळसर साय. उंदराचे अख्खे आयुष्य त्याच्या अंगावरून गेले होते, आणि माणूस झाला तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता.

राणी आली. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले.

राजा जिवाईला म्हणाला, "माई, शाप सुटला. मग त्याची वर्षे परत दे."

जिवाईचा हात मुलाच्या पाठीवर होता. तो तसाच राहिला. "माझ्याजवळ असती तर आत्ता दिली असती," ती म्हणाली. "मी शाप दिला, तेव्हा मला फक्त माझा मुलगा दिसत होता." ती मणिधरजवळ आली, खाली बसली. "बाळा, तुझा काही दोष नव्हता."

मणिधरचा आवाज बारीक होता. "लहानपणी मी त्या भिंतीजवळ खेळत असे. आतून कुणी तरी हाक मारायचे. मीही कधी विचारले नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, मला बसते करा."

राजाने त्याला उठवून खांबाशी बसवले.

त्यानंतर राणीने कोठडी पाडून टाकली. ज्या कुणाला बंदी करावे लागेल, त्याला उजेड, हाताला काम आणि बोलायला माणूस असेल, असा नियम केला. नागडोंगराची गुहा बुजवली. राज्य पूर्वीसारखे चालू लागले, बाजार भरू लागला, लोक सणवार करू लागले. राणीच सिंहासनावर राहिली. राजाने मुकुट परत मागितला नाही.

मणिधर एक पावसाळा आणि एक हिवाळा जगला. राणी सकाळी त्याचे पांढरे केस विंचरी. राजा त्याला धरून बागेत नेई. सोमिल त्याच्याशी सारीपाट खेळे. दान काय पडले हे सोमिल सांगे आणि सोंगट्या मणिधर चाचपून हलवी, आणि बहुधा जिंके. राजा त्यांच्याजवळ बसे, पण सोमिलपासून थोडा लांब. सोमिल त्याच्याशी बोलत नसे. उठून जातही नसे.

माघात एका सकाळी राणी केस विंचरायला आली, तेव्हा मणिधर गेला होता.

नदीकडे जाताना राजा पुढे चालला होता, हातात विस्तवाचे मडके. मागे खांदा द्यायला सोमिल होता. त्या दिवशी गावाचा बाजार होता आणि परगावचे लोक रस्त्याच्या कडेला थांबले होते. त्यांनी तिरडीवरचा सुरकुतलेला चेहरा पाहिला, मडके धरलेला माणूस पाहिला.

त्यांतली एक बाई दुसरीला म्हणाली, "म्हातारा भाग्याचा हो. मुलाच्या हातून चालला."

राजाने ते ऐकले. त्याने मान खाली घातली, मडके सावरून धरले आणि चालत राहिला.